झाकलेला नकार

“तुमच्या धाकटीचं पुढं काय?” हा प्रश्न चष्म्याच्या दुकानात रोज कोणी ना कोणी विचारायचंच. आणि दुकानाचे मालक, म्हणजे तिचे बाबा, काचेवर फडकं फिरवत ठरलेलं उत्तर द्यायचे, “एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला की! आता वर्ग सुरू व्हायचाच काय तो अवकाश.”

मागच्या पडद्याआड फ्रेमच्या मापाला भिंगं घासत बसलेली धाकटी ते ऐकायची आणि तिचे हात थांबायचे. कारण प्रवेश कुठंच मिळाला नव्हता.

बी.एस्सी.ची पहिली दोन वर्षं तिनं वाऱ्यावर सोडली होती. ना आजारपण, ना घरची अडचण. मन लागलं नाही, एवढंच. शेवटच्या वर्षी वनस्पतींच्या रोगांचा विषय आला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पानावरची बुरशी बघता बघता ती जेवणखाण विसरू लागली. त्या विषयात ती वर्गात पहिली आली. पण तोवर व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं. एकूण टक्केवारी जेमतेम काठावर. जिथं जिथं अर्ज केला, तिथून नकार. एका मोठ्या संस्थेनं निदान मुलाखतीला तरी बोलावलं होतं. शेवटी तिथूनही तेच उत्तर आलं.

“बाबा, लोकांना खोटं कशाला सांगता?” तिनं एकदा विचारलं होतं.

“मग काय दवंडी पिटू? तुझ्या थोरल्या भावानं घराण्याचं नाव काढलं, आणि तू... जाऊ दे. झाकली मूठ सव्वा लाखाची!”

आई समजूत घालायची, “अगं, पुढच्या वर्षी मिळेलच. तोवर कोणाला कळतंय?”

हे ‘मिळेलच’ तिला नकारापेक्षा जास्त टोचायचं. पुढच्या वर्षी मार्क थोडेच बदलणार होते! मैत्रिणींचे फोन ती घेईनाशी झाली. त्यांना काय सांगणार? बाबांचं खोटं, की आपलं खरं? वर्ग सुरू व्हायचे दिवस जवळ आले, तशी वेगळीच धास्ती बसली. आता रोज सकाळी पिशवी अडकवून, कॉलेजला निघाल्यासारखं, उगाच कुठंतरी भटकून यावं लागणार!

अशातच एका दुपारी एक वयस्कर बाई चष्मा करायला आल्या. बोलता बोलता आपण वनस्पतिशास्त्र शिकवतो असं त्यांनी सांगितलं, आणि बाबांना हुरूप आला.

“अरे वा! आमची धाकटी त्याच विषयातली. मोठ्या संस्थेत प्रवेश मिळालाय तिला. अगं, जरा बाहेर ये!”

धाकटी पडदा सारून आली आणि जागच्या जागी थिजली. तिच्या मुलाखतीला मधल्या खुर्चीवर याच बाई बसल्या होत्या!

बाईंनीही तिला ओळखलं. त्यांनी एकदा बापाकडं पाहिलं, एकदा लेकीकडं, आणि काही न बोलता त्या फ्रेमी चाळू लागल्या. आपली लाज राखायला त्या गप्प राहिल्या, हे धाकटीला कळलं. आणि नेमकं तेच तिला सोसवेना.

“बाबा, यांनीच मला नाकारलंय!”

बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. “मॅडम, म्हणजे... मी आपलं सहज...”

“बसा हो, घाबरू नका,” बाई म्हणाल्या. “मुलाखतीत मुलगी चांगली बोलली. पण जागा थोड्या, आणि हिच्याहून कितीतरी जास्त मार्कांची मुलं रांगेत. मी खोटी आशा दाखवणार नाही. पुढच्या वर्षीही कठीणच आहे.”

धाकटीनं मान खाली घातली.

बाई बाबांकडं वळल्या. “पण एक विचारते. गिऱ्हाइकाला वाईट वाटेल म्हणून तुम्ही चष्म्याचा नंबर कमी करून सांगता का?”

“छे! मग त्याला दिसणार कसं?”

“मग लेकीचे मार्क का लपवता? ते कमी पडले ही तिची चूक. तिनं आमच्यासमोर ती कबूल केली, एक सबब सांगितली नाही. पण तुम्ही लपवता तेव्हा तिला काय कळतं? माझ्या बापाला माझी लाज वाटते! आमच्या नकारातून ती सावरेलही. पण या लाजेतून कशी सावरायची तिनं?”

निघताना बाई धाकटीला म्हणाल्या, “पिकं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कधीकधी मदतनीस लागतात. विचारून बघ. मिळेलच असं नाही.”

त्याच संध्याकाळी शेजारचे औषधवाले डोकावले. “काय, लेकीचे वर्ग कधीपासून?”

बाबांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. “प्रवेश मिळाला नाही तिला. मीच खोटं सांगत होतो. पोर बिचारी खरं सांगा म्हणत होती.”

औषधवाले “अरेरे!” म्हणून सटकले. उद्यापर्यंत गल्लीभर होणार, हे उघडच होतं. बाबा आत आले. धाकटी भिंतीला टेकून हमसाहमशी रडत होती. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

“तुझी लाज नव्हती गं वाटत. लोकांची भीती वाटायची.”

प्रयोगशाळेत तिला काम मिळालं नाही. आणखी एके ठिकाणी विचारलंय, उत्तर नाही. एम.एस्सी.चं दार बंदच आहे, आणि ते उघडेल असं छातीठोकपणे सांगणारं कोणी नाही. एवढंच, की मैत्रिणीचा फोन आला तर ती आता घेते, आणि जमलं नाही म्हणून सांगते.

मंडळी, हरलेल्या पोराला यश देणं आपल्या हातात नसतं. कधीकधी धीर द्यायलाही शब्द सापडत नाहीत. पण त्याचं अपयश झाकून त्याला आपल्याच घरात चोरासारखं जगायला लावू नका! आणि दुसऱ्याच्या मुलाची चौकशी करायचीच असेल, तर ‘नाही’ हे उत्तर ऐकून घेण्याइतकं मन आधी मोठं करा.