टोपीवरचा कावळा

टोपी घरात आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद सावनीला झाला आणि सगळ्यात मोठा धक्का तिच्या आजीला बसला. दोन्ही गोष्टी एकाच सोफ्यावर, एकाच दमात झाल्या.

टोपी जांभळी होती. सावनी दुसरीत गेल्यापासून अमेरिकेतल्या बॉथेल गावातल्या मुलांच्या बेसबॉल टीममध्ये खेळायला लागली होती आणि टीमचं नाव होतं क्रोज, म्हणजे कावळे. त्यामुळे टोपीवर पुढे एक ऐटबाज काळा कावळा, पंख अर्धे उघडलेले, आणि चोचीत पांढराशुभ्र गोळा. तो गोळा म्हणजे बेसबॉल. त्याच्यावर लाल टाके हवे होते, पण मशीनवर भरतकाम करणाऱ्यानं लाल दोऱ्याची काटकसर केली होती. म्हणून बॉल नुसताच पांढरा, गुळगुळीत, भाताच्या मुदीसारखा दिसत होता.

आजीनं, म्हणजे सावनीच्या आईच्या, राधिकाच्या सासूबाईंनी चष्मा लावला, टोपी हातात घेतली आणि निखारा हातात आल्यासारखी खाली टाकली.

"बाप्पा! हा तर पिंड उचललेला कावळा!"

"आजी, इट्स अ बॉल!" सावनी ओरडली.

"बॉल कुठला? मला शिकवतेस होय? लेकराच्या डोक्यावर दहाव्याचं चित्र काढलंय मेल्यांनी! अमेरिकेत दुसरे पक्षी संपले का सगळे?"

राधिकानं टोपी उचलली. "काहीतरीच काय आई," असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तिलाही आता तेच दिसत होतं. आधी दोन मिनिटं जो रुबाबदार खेळाडू पक्षी वाटत होता, तो आता सरळ सरळ नदीकाठच्या पिंडावरून उडालेला कावळा होता.

त्या दिवसापासून टोपीची रवानगी गॅरेजमध्ये झाली, सायकलच्या हेल्मेटशेजारच्या खुंटीवर. सावनीनं ती घराबाहेर पडल्यावर घालायची, घरात शिरण्याआधी काढायची. मधल्या काळात आजी समोर आलीच तर आजी डोळे मिटून घ्यायची. नवऱ्याला, गिरीशला, राधिकानं मध्ये पडायला सांगून पाहिलं. जगातले सगळे प्रश्न कोड लिहून सुटतात अशी त्याची श्रद्धा, आणि जे सुटत नाहीत त्यांच्या वेळी त्याचा कॉल असतो.

"मी काय बोलणार, यार? आई आहे ती. आणि आता माझा कॉल आहे."

प्रश्न नुसत्या टोपीचा असता तर राधिकानं ती गॅरेजमध्येच राहू दिली असती. पण शनिवारी सीझनची शेवटची मॅच होती, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात आई नागपूरला परत जाणार होत्या. सावनीनं आख्खा सीझन एकदाही रन काढला नव्हता. बॅट लागायची, ती धावायची, पहिल्या नाहीतर दुसऱ्या बेसवर पोचायची आणि तिथंच राहून जायची. पण शनिवारी आपण होमला पोचणार हे तिनं मनाशी ठरवलं होतं आणि ते आजीनं बघायचं होतं. आईंनी एकही मॅच पाहिली नव्हती. आधी थंडी म्हणून, मग गुडघा म्हणून, आणि आता टोपी.

"होमला म्हणजे गं काय?" आईंनी एकदा राधिकाला विचारलं होतं.

"म्हणजे जिथून निघायचं तिथंच गोल फिरून परत यायचं. परत आलं की रन."

"एवढ्यासाठी एवढी धावपळ? मग निघायचंच कशाला?"

"आजी, प्लीज ना," सावनीनं गळ्यात हात टाकले. "यू हॅव टू कम. मी होमला येणारे."

"येते हो माझी बाय. तू फक्त ती टोपी काढून खेळ."

आणि टोपी काढून खेळता येत नव्हतं.

गुरुवारी प्रॅक्टिस संपल्यावर राधिका कोच ब्रेंडाकडे गेली. ब्रेंडा साठीच्या आसपासची, दणकट, गालात सतत सूर्यफुलाच्या बिया आणि कागदी कपात त्यांची टरफलं. राधिकानं मनात पाठ केलेलं इंग्रजी सुरू केलं. एखाद्या मुलीला साधी जांभळी टोपी चालेल का, म्हणजे, लोगो नसलेली?

"का? कावळा आवडत नाही?"

"नाही, कावळा चांगलाच आहे. पण आमच्याकडे कुणी वारलं की आम्ही भाताचा गोळा ठेवतो. कावळ्यासाठी. त्यानं तो घेतला की समजायचं, गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिलेली नाही. आणि माझ्या सासूबाईंना तुमचा लोगो..."

ब्रेंडानं स्वतःची टोपी काढली आणि कावळ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"आता मलाही तेच दिसणार," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "आणि कावळ्यानं नाही घेतला तर?"

राधिका म्हणाली, "मग घरचे लोक तिथं उभे राहून अंदाज करत बसतात, काय राहिलं असेल."

ब्रेंडानं टरफलं कपात टाकली आणि बाकावर हात आपटला, बस म्हणून. मग लोगोची गोष्ट सांगितली. टीम नवीन होती, नावही नव्हतं, आणि मुलांना काहीच जमत नव्हतं. एकही रन नाही. शेवटी एका मॅचला टीममधल्या सगळ्यात हळू धावणाऱ्या पोरीनं बॉल मारला. बॉल घरंगळत लांब गवतात गेला, आणि तिथं एक कावळा येऊन बसला. बॉलवरच! समोरच्या टीमचं कुणी जवळ गेलं की पंख फडफडवून अंगावर जायचा. झाडाखाली त्याचं पिल्लू पडलं असावं. तेवढ्यात ती पोरगी रमतगमत सगळे बेस फिरून होमला पोचली. टीमचा पहिला रन तो.

"खरा कावळा बॉल चोचीत उचलू शकत नाही," ब्रेंडा म्हणाली. "पण टोपीवर कोण खरं बघतं? आम्ही त्याला बोलावलं नव्हतं. तो आपणहून आला आणि आमचं काम करून गेला. म्हणून तो टोपीवर. साधी टोपी देते मी सावनीला हवी तर. पण तुझ्या सासूबाईंना हे सांगून बघ आधी."

राधिकानं घरी येऊन सांगितलं. आई तेव्हा कोथिंबीर निवडत होत्या. त्यांचं लक्ष आहे की नाही कळेना. संध्याकाळ व्हायला आली होती आणि नेहमीसारखे त्यांनी मागच्या अंगणाकडचे पडदे ओढून घेतले होते. बॉथेलमध्ये त्या वेळी शेकडोंनी कावळे आकाशातून एकाच दिशेला जातात, रात्रीच्या मुक्कामाला. आई आल्या तेव्हापासून रोज पडदे ओढायच्या. राधिकाला वाटायचं, थंडीमुळे.

"आपणहून आला म्हणाली ती?" आईंनी विचारलं.

"हो."

"कुणी बोलावलं नव्हतं?"

"नाही आई."

आईंनी कोथिंबिरीची एक काडी उगाचच दोनदा निवडली.

"ह्यांच्या वेळी किती बोलावलं आम्ही," त्या म्हणाल्या. "गिरीशनं सांगितलं असेल तुला."

गिरीशनं सांगितलं होतं ते एवढंच की बाबांच्या दहाव्याला कावळा जरा उशिरा आला. राधिका तेव्हा इथंच होती, सावनीची शाळा सांभाळत.

"उशिरा कुठला? आलाच नाही. समोर बाभळीवर बसून पंख साफ करत होता. गिरीश म्हणाला, बाबा, आईला मी सांभाळीन. हलला नाही. ह्यांचा भाऊ म्हणाला, दादा, प्लॉटचं भांडण मिटवून टाकतो. त्याच्याकडे तर त्यानं पाठच केली." आईंना बोलता बोलता हसू आलं. "मी सगळं केलं होतं गं आवडीचं. सांबारवडी, भरली वांगी, कपभर चहासुद्धा ठेवला होता. शेवटी गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी दर्भाचा कावळा केला आणि लावला पिंडाला. झालं."

"आई, तसं काही नसतं."

"मलाही माहीत आहे नसतं. एम.एस्सी. केलंय मी झूऑलॉजीत." त्या जुडी खाली ठेवून म्हणाल्या. "पण एवढी वर्षं त्या माणसानं मान वळवली की मी मीठ पुढे करत होते. काय हवं ते सांगावं लागायचं नाही त्यांना. आणि शेवटी काय राहिलं, तेच मला ओळखता येऊ नये?"

राधिकानं जुडीतला अर्धा वाटा आपल्याकडे ओढला. दोघी निवडत बसल्या.

थोड्या वेळानं आईच म्हणाल्या, "शनिवारी तुझी खाऊची पाळी आहे ना गं टीमला? काय नेणारेस?"

"संत्र्याच्या फोडी. आणि ते पाकिटातलं काहीतरी."

"पाकिटातलं कशाला? मी रव्याचे लाडू करते. टोपीकडे बघणार नाही मी, पण येईन."

वरून "येऽऽस!" अशी आरोळी आली. सावनी जिन्यात बसून सगळं ऐकत होती.

लाडू शुक्रवारी झाले. टीमच्या नियमानं काजू-बदाम वर्ज्य, म्हणून प्रत्येकावर एकेक बेदाणा. आईंनी पाक बोटांत धरून पाहिला, पुन्हा पाहिला.

"हात बसलाय का बघू अजून. किती वर्षांत केले नाहीत. ह्यांना शुगर निघाली आणि मी साखरेचा डबाच कपाटात कुलपात टाकला."

"आणि बाबा?" राधिकानं विचारलं.

"किल्ली शोधत बसायचे!" गिरीश आत येऊन लाडू उचलत म्हणाला. "मी पाहिलंय. एकदा तर पूजेतली खडीसाखर खाल्ली होती."

"गणपतीसमोरून!" आई म्हणाल्या. "मी गणपतीलाही मग फुटाणे ठेवायला लागले."

शनिवारी ऊन छान पडलं होतं. आई घडीच्या खुर्चीत बसल्या, साडीवर गिरीशचं जाड जॅकेट, पायाशी लाडवांचा डबा. मैदानभर जांभळ्या टोप्या, प्रत्येक टोपीवर तो कावळा. आई आधी आकाशाकडे बघत होत्या, मग बुटांकडे, मग हळूहळू खेळाकडे. ब्रेंडा येऊन हात मिळवून गेली. सावनीच्या टीममधला वेद दोनदा येऊन "खाऊ कधी?" विचारून गेला, इंग्रजीतून. आईंनी त्याला मराठीतून "मॅच संपल्यावर" सांगितलं आणि डबा उघडून एक देऊनही टाकला.

झाकण तसंच उघडं राहिलं.

सावनीची पाळी आली. तिनं बॅट फिरवली, चुकली. पुन्हा फिरवली, आणि बॉल सणसणत समोरच्या टीममधल्या दोघांच्या मधून गेला. "धाव गं धाव!" आई खुर्चीतून अर्ध्या उठल्या, गुडघा विसरून. सावनी पहिल्या बेसवर पोचली, दुसऱ्यावर पोचली, आणि तिथून आजी बघते आहे ना हे पाहायला तिनं मान वळवली.

आजी बघत नव्हती. कुणीच बघत नव्हतं. एक मोठा काळाभोर कावळा कुंपणावरून उतरून आईंच्या डब्याच्या काठावर येऊन बसला होता.

"हाड!" गिरीश म्हणाला.

"थांब," आई म्हणाल्या. अगदी हळू.

कावळ्यानं मान तिरकी करून आईंकडे पाहिलं. घाई अजिबात नव्हती त्याला. त्यानं वरच्या थरातला एक लाडू चोचीनं हलवून पाहिला, तो सोडला, शेजारचा नीट गोल होता तो उचलला आणि उडाला. कुंपणाच्या खांबावर जाऊन बसला. जांभळ्या टोप्यांमधून एकच गलका झाला. मुलं आधी खांबाकडे आणि मग एकमेकांच्या डोक्याकडे बोटं दाखवत नाचायला लागली, कारण काळा कावळा, चोचीत पांढरा गोळा, हुबेहूब तेच.

ब्रेंडाच्या हातातला टरफलांचा कप तसाच राहिला होता. तिनं राधिकाकडे पाहिलं. राधिकानं आईंकडे.

आईंनी दोन्ही हात तोंडावर धरले होते. खांदे हलत होते. राधिका घाबरून वाकली तेव्हा कळलं, त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"चहा," त्या कशाबशा म्हणाल्या. "चहा ठेवला होता गं मी ह्यांना. घाटावर. सवयीनं. बिनसाखरेचा!"

गिरीशला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तो आईच्या खुर्चीशी गवतातच बसला. "आई, म्हणजे एवढंच?"

"एवढंच असेल तर मेलं सांगायचं तरी," आई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "बाभळीवर बसून पंख कसले साफ करता!"

दुसऱ्या बेसवरून सावनी सगळं सोडून निघाली. तिसरा बेस नाही, होम नाही, सरळ मैदान कापत आजीकडे धावत सुटली. "आउट!" अंपायर ओरडला. तिनं लक्षही दिलं नाही. ती येऊन धाडकन आजीच्या मांडीवर आदळली, टोपीसकट.

"आजी, डिड यू सी? इट टुक अवर लाडू!"

"पाहिलं गं पोरी," आई म्हणाल्या. त्यांनी सावनीच्या डोक्यावरची टोपी सरळ केली, कावळ्यावर अंगठा फिरवला, आणि मग राधिकाकडे वळून विचारलं, "असली माझ्या मापाची मिळते का गं? उन्हाची बरी पडेल नागपुरात."

सावनीनं तोवर डब्यातून आणखी एक लाडू उचलला होता आणि खांबाकडे हात उंच करून धरला होता. कावळा पहिला संपवून मान वाकडी करून त्याच्याकडेच बघत होता.

"नको," आई तिचा हात खाली घेत म्हणाल्या. "एक पुरे झाला. शुगर आहे त्यांना."