लाल अंडी

त्र्याण्णवचा एप्रिल, सोमवारची सकाळ. इश्त्वान पावाची पिशवी घेऊन सिंगापुरातल्या बेडोकमधल्या, सातव्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये शिरला आणि बघतो तर काय, डायनिंग टेबलावर ताटलीत सहा लाल अंडी! लालबुंद, चकचकीत. गडी दारातच खिळला.

आता अंडी बघून एवढं काय, असं वाटेल. पण हा माणूस हंगेरीचा. छप्पन साली रशियाचे रणगाडे घुसले तेव्हा एकविसाव्या वर्षी अंगावरच्या कोटानिशी सीमा ओलांडून पळालेला. मग जहाजांची इंजिनं, मग सेम्बावांगची गोदी, मग गोदीतल्याच एका इंजिनिअरची बहीण सुचित्रा, डोंबिवलीची. लग्न झालं, फ्लॅट झाला, अनघा झाली. सगळं पहिल्यापासून उभं केलं पठ्ठ्यानं. मराठी शिकला, आमटी भुरकायला शिकला, बायकोच्या 'अहो'ला ओ द्यायला शिकला.

स्वतःचं म्हणून या घरात त्यानं एकच आणलं, ईस्टरचा सोमवार. त्याच्या गावी त्या दिवशी पुरुष घरोघर जातात, एक छोटीशी कविता म्हणतात, की हे फूल सुकेल, पाणी घालू का? आणि घरातल्या बायका-मुलींवर पाणी उडवतात. मुली हसतात, ओरडतात आणि वर रंगवलेलं अंडं हातावर ठेवतात. बस, एवढंच.

सिंगापुरात त्या सोमवारी सुट्टी नसते. हा दरवर्षी रजा टाकायचा. अनघा लहान होती तेव्हा आदल्या दिवसापासून अंडी रंगवत बोटं लाल करून बसायची. पण पंधराची झाली आणि त्या वर्षी, "डोन्ट लाह, आपू! मैत्रिणी हसतात मला," असं म्हणून तिनं बाथरूमची कडी लावून घेतली. आपू म्हणजे बाबा, त्यांच्याकडचं.

त्यानंतर पाणी नाही, अंडं नाही. तीन वर्षं. रजा मात्र तो टाकायचाच. पाव आणायला म्हणून खाली उतरायचा आणि तासभर बाकावर बसून राहायचा. चार वर्षांपूर्वी सीमा उघडल्या होत्या, जाता आलं असतं. पण जाणार कुणाकडे? आई गेली, बहीण गेली. आता जे काय होतं ते त्याच्या एकट्याच्या डोक्यात, आणि ते तिथेच संपणार, हे त्याला आतून खात होतं.

आणि आज ही अंडी! म्हणजे पोरीला आठवलं! पिशवी खुर्चीवर फेकून तो स्वयंपाकघरात धावला, सुचित्राच्या हाताखालून तांब्या उचलला.

"अहो, काय हे..."

तेवढ्यात अनघा खोलीतून बाहेर आली. पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, दहाला पॉलिटेक्निकमध्ये प्रेझेंटेशन. यानं अख्खा तांब्या तिच्यावर रिकामा केला.

"आपू! वेड लागलंय का तुला?"

"अंडी! तू केली! माझ्यासाठी!"

"कुठली अंडी?"

सुचित्रा पदराला हात पुसत बाहेर आली. "अहो, शेजारच्या मिसेस टॅननी दिलीत ती. नातू महिन्याचा झाला ना त्यांचा. चिनी लोक वाटतात लाल अंडी."

"हां," इश्त्वान म्हणाला. "हां हां. नातू. बरोबर."

त्यानं कोपऱ्यातलं फडकं घेतलं आणि गुडघ्यावर बसून फरशी पुसायला लागला. पुसलेलीच जागा परत परत. समोर अनघाचे दोन पाय, त्यावरून पाणी ओघळतंय. आता हे पाय खोलीकडे जाणार, दार आपटणार.

"जा, दुसरा शर्ट काढ. इस्त्री मी करतो. उशीर होईल."

पाय हलले नाहीत.

"कविता कुठाय?" वरून आवाज आला. "आधी कविता असते ना? डायरेक्ट पाणी? चीटिंग आहे हे."

तो उठला. हातात ओलं फडकं तसंच. पहिली ओळ म्हणाला, हंगेरियनमध्ये. दुसरी म्हणाला. तिसरीला तोंड उघडलं आणि काही येईचना! गावातल्या पोरांबरोबर कुडकुडत, ओरडून म्हटलेली ओळ, आणि डोक्यात नुसता पांढरा धूर. सुचित्रानं नजर वळवली.

आणि अनघा ती ओळ म्हणाली.

मग चौथीही. शाळेत पाढे म्हणतात त्या चालीत, सगळे उच्चार सिंगापुरी, एकाही शब्दाचा अर्थ ठाऊक नसताना. एका क्षणापुरती त्याला बहीण दिसली, विहिरीपाशी, ओली वेणी पिळत उभी. तो डोळे मिटून घेणार तेवढ्यात ती गेलीसुद्धा.

"परत म्हण," तो म्हणाला.

ती म्हणाली.

"परत."

"आपू, दहाला प्रेझेंटेशन आहे माझं!"

"एकदाच गं."

अनघानं घड्याळाकडे पाहिलं, फाईल टेबलावर ठेवली आणि ओली बाही वर सारली. "बरं, पण नीट सांग. त्या मधल्या शब्दाला जीभ कुठे लावायची?"