काटा म्हणतो कमी, जीभ म्हणते जास्त

मी एक जुना काटा आहे. घड्याळाचा नाही आणि तराजूचाही नाही. पाणी किती खारट आहे ते सांगणारा. तळहाताएवढी पारदर्शक प्लॅस्टिकची डबी आणि तिच्यात एका खुंटीवर अडकवलेला मी. डबीत पाणी भरलं की त्यातल्या मिठाच्या मानाने मी वर उचलला जातो. डबीच्या अंगावर आकडे आहेत आणि एक हिरवा पट्टा. मी त्या पट्ट्यात थांबलो की समजायचं, हे पाणी समुद्रासारखं झालं. दुकानात मला हायड्रोमीटर म्हणतात, पण एवढ्या भारदस्त नावाची मला सवय नाही.

गंमत अशी, मित्रांनो, की समुद्र मी कधीच पाहिलेला नाही. माझा जन्म कारखान्यातला. तिथे तपासणीच्या टेबलावर एक बाई बसायच्या. त्या प्रत्येक काट्याला खाऱ्या पाण्यात बुडवायच्या, बुडबुडे झटकायला टिचकी मारायच्या आणि म्हणायच्या, "खरं बोल हं." मी बोललो आणि पास झालो. तेव्हापासून खरेपणाचा थोडा ताठा माझ्यात आला. आणि एक कोडंही मनात राहिलं, की ज्याचं माप माझ्या अंगावर छापलंय तो समुद्र असतो तरी कसा?

पुढची बरीच वर्षं मी एका दातांच्या दवाखान्यात काढली. बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती. आतल्या यंत्राची घरघर विसरायला पेशंट माशांकडे बघत बसायचे. तिथले कंपाउंडर दर सोमवारी पाणी मोजायचे. काम झालं की मला गोड्या पाण्याने धुऊन फडक्यावर पालथं घालायचे. "हा काटा कधी चुकत नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. मला ते फार आवडायचं.

मग कंपाउंडर निवृत्त झाले. नवा माणूस घाईचा. तो मला बुडवायचा, बघायचा आणि ओलाच ड्रॉवरमध्ये कापसाच्या गठ्ठ्यावर फेकायचा. माझ्या अंगावर हळूहळू पांढरा थर चढला. धूळ असेल म्हणून मीही दुर्लक्ष केलं. ताठा असा नडतो.

त्याच दवाखान्यात एक मुलगी दाढ दुखते म्हणून आली. ती दाढ विसरली आणि टाकीसमोर बसून प्रश्न विचारत सुटली. मासे झोपतात का? त्यांना तहान लागते का? हे पाणी तुम्ही कुठून आणता? घरी तिला सगळे चौकशीबाई म्हणायचे, ते उगाच नाही. डॉक्टरीणबाई दवाखाना बंद करणार होत्या. त्यांनी तिला दोन नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचे मासे कबूल केले, शिवाय ती टाकी, आणि ज्यांच्यात पाणी स्वच्छ ठेवणारे बारीक जीव राहतात ते तिच्यातले दगडही. मलाही तिच्या हातात ठेवलं, सोबत टाकीसाठीच्या खास मिठाची पिशवीही.

"शनिवारी सकाळी टाकी आणि मासे घेऊन येते," त्या म्हणाल्या. "पाणी मात्र नीट हवं. चुकलं, तर दोन दिवसही जगायचे नाहीत. आणि कप मोजत बसू नकोस. ओल धरलेलं मीठ मापात फसवतं. काट्यावर विश्वास ठेव."

माझ्यावर! मी फुगून गेलो.

चौकशीबाईचं घर चौथ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, एक गॅलरी, घरात ती, तिची आई आणि आईचे वडील. आजोबांनी तेहेतीस वर्षं जहाजावर स्वयंपाक केला होता. हल्ली मात्र त्यांचा हात मिठाला सैल सुटायचा. एके दिवशी सूप कुणाच्या घशाखाली उतरलं नाही, तेव्हा आईने मिठाची बरणी मुकाट्याने वरच्या फळीवर ठेवली. त्यानंतर आजोबा स्वयंपाकघरात फिरकले नाहीत.

पाण्याची तयारी बुधवारी सुरू झाली. चौकशीबाईने फरशी पुसायची बादली आणली, तर आजोबा ओरडले, "अगं, साबण मुरलाय तिच्यात! माशांना आंघोळ घालायचीय का?" मग नवं कोरं पिंप आलं. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, ते माशांना सोसत नाही, म्हणून पाणी स्वयंपाकघरातल्या फिल्टरमधून घ्यायचं ठरलं. तो फिल्टर थेंब थेंब गळणारा. दोन दिवस घरात पेलाभर पाणी प्यायलाही परवानगी लागायची.

शुक्रवारी दुपारी पिंप भरलं. पाणी फिरवणारा छोटा पंप लागला, पाणी कोमट ठेवणारी कांडी लागली. चौकशीबाई कपाकपाने मीठ टाकू लागली. विरघळलं की मला बुडवायची.

मी खाली. आणखी दोन कप. मी जरासा हललो. आणखी दोन.

मला वाटत होतं, मी अगदी बरोबर सांगतोय. बऱ्याच वेळाने मी कसाबसा हिरव्या पट्ट्याला टेकलो आणि चौकशीबाईने टाळ्या वाजवल्या. आजोबांनी पिंपात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं.

"जास्त झालंय."

"काटा तर बरोबर दाखवतोय, आजोबा."

"काट्याने समुद्र गिळलाय का कधी? माझ्या नाकातोंडात गेलाय तो. हे त्याहून खारट आहे."

आई दारातून म्हणाली, "बाबा, सूप आठवतंय ना त्या दिवशीचं?"

आजोबा बोट पुसत निघाले. गॅलरीत जाऊन पाठमोरे बसले. खरं सांगतो, मला तेव्हा आनंद झाला. माझ्या छापील आकड्यांपुढे एका म्हाताऱ्या जिभेची काय कथा!

पण चौकशीबाईच्या डोक्यात किडा वळवळू लागला. ती गॅलरीत गेली.

"आजोबा, तुम्ही सुपात मीठ जास्त का घातलंत?"

"अळणी लागत होतं गं मला."

"म्हणजे तुम्हाला खारट कमी लागतं. मग हे पाणी तुम्हालासुद्धा जास्त खारट कसं लागलं?"

आजोबा वळून उठले. ती धावत आत आली, मला उचलून उजेडात धरलं आणि विचारलं, "हा पांढरा थर कसला?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता.

मागोमाग आलेल्या आजोबांनी चष्मा पुसला. "किटलीच्या बुडाला बसतो ना, तसलाच हा. त्याच्या वजनाने काटा वर येत नाहीये." ते कितीतरी दिवसांनी स्वयंपाकघरात गेले आणि व्हिनेगरची बाटली घेऊन आले. अर्धा तास मी त्या आंबट वाटीत बुडालो होतो. मग चौकशीबाईने डॉक्टरीणबाईंनी दातांसाठी दिलेल्या मऊ ब्रशाने मला घासलं, धुतलं आणि पुन्हा पिंपात बुडवलं.

मी हिरवा पट्टा ओलांडून थेट वरच्या टोकाला जाऊन आपटलो.

आईच्या तोंडचं पाणी पळालं. मला तर डबीसकट बुडून जावंसं वाटलं. विश्वास ठेव, असं ज्याच्याबद्दल सांगितलं होतं, तोच खोटं बोलला होता. त्या पाण्यात मासे सोडले असते तर?

मग घरात एकच धावपळ उडाली. पिंपातलं खारं पाणी उपसायचं आणि त्या जागी गोडं पाणी घालायचं, पण फिल्टरचं पाणी आणायचं कुठून? आईने फ्रिजमधल्या बाटल्या काढल्या, तिच्या ऑफिसची बाटली काढली, चहासाठी ठेवलेलं पातेलंही आणलं. "गार आहे, चालेल ना?" ती विचारत होती, आणि आजोबा सांगत होते, "ओत, ओत, कांडी आहे ना!" संध्याकाळी मी हिरव्या पट्ट्यात येऊन थांबलो. रात्रभर पाणी फिरत राहिलं.

शनिवारी सकाळी चौकशीबाईने मला पुन्हा बुडवलं. मी पट्ट्याच्या मधोमध होतो. पण ती टाळ्या न वाजवता आजोबांकडे वळली. त्यांनी बोट जिभेला लावलं, डोळे मिटले आणि बराच वेळ मिटलेलेच ठेवले. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं, ते मी बघत होतो.

"हं," ते म्हणाले. "हाच तो."

समुद्र म्हणजे काय, ते मला तेव्हा थोडंसं कळलं.

टाकी आली, तिच्यात पिंपातलं पाणी भरलं आणि मासे सोडले. आधी दगडामागे दडले, मग एकाने तोंड बाहेर काढलं आणि तो काचेला येऊन चिकटला. आईने फळीवरची बरणी काढून आजोबांपुढे ठेवली. "बाबा, आज सूप तुम्हीच करा. चाखायला ही आहेच."

त्या गोष्टीला आता चार वर्षं झाली. मासे मजेत आहेत. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मोजणाऱ्या वस्तू वापरून झाल्या की धुऊन, पुसून ठेवत जा. आम्हाला आमच्या अंगावरचा थर जाणवत नाही. आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं म्हणणं आमच्या आकड्याशी जुळलं नाही, तर त्याला गप्प करण्याआधी एकदा आम्हालाही उजेडात धरून बघा.

चौकशीबाई दर रविवारी तसंच करते. मला उजेडात फिरवते, पाण्यात बुडवते, बुडबुडे झटकायला टिचकी मारते. आणि तिला हे कुणी शिकवलं कोण जाणे, पण दर वेळी हळूच म्हणते, "खरं बोल हं."