पाववाल्या काकूंच्या पोटातला पट्टा

मी एक जुना पट्टा आहे. कंबरेचा नव्हे आणि घड्याळाचाही नव्हे. मी पोटातला पट्टा आहे. दचकलात ना, मित्रांनो? माझेही सुरुवातीला तसेच झाले होते.

एका पांढऱ्याशुभ्र कारखान्यात, रबरासारख्या मऊ सिलिकॉनपासून माझा जन्म झाला. माझ्या आतल्या अंगाला एक फुगा आहे. त्याला बारीक नळी आणि नळीच्या टोकाला बटणाएवढी डबी. मला हात लावणारी माणसेसुद्धा टोप्या आणि हातमोजे घालून येत. एवढी बडदास्त पाहून मला वाटले, आपण नक्की एखाद्या राजकन्येच्या मनगटावर जाणार. पण पाकीट फुटले तेव्हा समोर होते एक जठर! डॉक्टरीणबाईंनी मला त्याच्या वरच्या भागाभोवती गुंडाळले, माझी कडी अडकवली, डबी कातडीखाली शिवली आणि पोट मिटून टाकले. तेव्हापासून मी अंधारात आहे. मला दिसत काही नाही, पण ऐकू सगळे येते.

ते पोट पाववाल्या काकूंचे होते. काकू आणि काका मिळून बेकरी चालवत. काका भट्टीपाशी, काकू गल्ल्यावर. भट्टीतून पहिला ट्रे निघाला की त्यातला पाव तोडून चाखायचा, हे काम काकूंचे. काकांचा त्यांच्या जिभेवर भारी विश्वास. पण काकूंचे वजन इतके वाढले होते की गुडघे कुरकुरत, रक्तातली साखर चढलेली असे आणि जिना चढताना मध्येच पायरीवर बसावे लागे. उपास झाले, काढे झाले, फिरणे झाले. शेवटी माझी नेमणूक झाली.

माझे काम ऐका. माझ्या वर पोटाची लिंबाएवढी जागा उरते. घास आधी तिथे येतो आणि माझ्यातून हळूहळू खाली उतरतो. जागा चटकन भरते, म्हणून थोडक्यात पोट भरते. ‘पोटाला चिमटा काढणे’ हा वाक्प्रचार तुम्ही शाळेत शिकला असाल. मी तो खरोखरीचा चिमटा.

सुरुवातीचे काही आठवडे फक्त पातळ पदार्थ खाली आले. मग एके दिवशी मऊ शिजवलेले अंडे आले. दोन चमचे झाले आणि चमचा बशीत ठेवल्याचा आवाज आला.

“झालं माझं,” काकू म्हणाल्या.

“झालं? अगं, आत्ता तर बसलीस!” काका म्हणाले.

काकू हसायला गेल्या आणि हुंदका बाहेर पडला. “पोट भरलंय हो. पण जेवल्यासारखं वाटतच नाही.”

मी चाटच पडलो. पोट भरणे आणि जेवणे या दोन निरनिराळ्या गोष्टी असतात, हे मला कारखान्यात कुणी सांगितलेच नव्हते.

खरा हादरा पुढेच होता. डॉक्टरीणबाईंनी बजावले होते: छोटा घास घ्या, अगदी लगदा होईपर्यंत चावा आणि ताज्या मऊ पावापासून जपा. पण हाताची सवय कशी जाणार? ट्रे निघाला, काकूंनी पाव तोडला, तोंडात टाकला. तेवढ्यात गिऱ्हाइकाने हाक मारली आणि घास अर्धवट चावलेलाच गिळला गेला. तो माझ्यावर येऊन बसला आणि कणकेच्या गोळ्यासारखा चिकटला. काकूंची छाती आवळली, तोंडाला लाळेची धार लागली, आवाज बंद झाला. बिस्किटांचा डबा खणखणत खाली पडला.

“काका, लवकर या! काकूंना काहीतरी होतंय!” गिऱ्हाईक ओरडले.

“ॲम्ब्युलन्स बोलवा! हिचं हृदय...” काका भट्टी सोडून धावत आले.

इतक्यात घास उलटून बाहेर आला. काकू कितीतरी वेळ धापा टाकत होत्या. मग हळूच म्हणाल्या, “मला माझाच पाव गिळता येत नाही हो.”

त्या दिवसापासून पाव काका चाखू लागले. “मीठ बरोबर आहे ना?” असे ते मोठ्याने विचारत आणि स्वतःच उत्तर देत.

पुढे दिवस पालटले. काकू एका दमात जिना चढू लागल्या. “काकू, ओळखूच आला नाहीत!” असे गल्ल्यासमोर रोज कुणीतरी म्हणे. तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाई डबीत सुई टोचून माझ्या फुग्यात थोडे मीठपाणी भरत, म्हणजे माझी पकड आणखी आवळे. कौतुकाने मी फुगलो असे कुणी म्हटले, तर ते अगदीच खोटे नव्हते.

मग काकूंची आई राहायला आली. लेकीच्या ताटाकडे पाहून त्या माउलीच्या पोटात खड्डाच पडला.

“एवढंसं? चिमणीसुद्धा जास्त खाते. माझ्या हातचं नको झालंय का तुला?”

“तसं नाही गं आई.”

“मग घे ना अजून एक घास. माझ्यासाठी.”

काकूंनी घेतला. तो अडकला. काकू हसत हसत उठल्या, “आलेच हं, तोंड धुऊन,” म्हणाल्या. न्हाणीघराचे दार लागले, नळ पूर्ण सुटला आणि त्या आवाजाच्या आड काकू पोट पिळवटून ओकल्या. मग परत येऊन म्हणाल्या, “काय चव आहे गं आई तुझ्या हाताला!”

मित्रांनो, मी पट्टा असूनही थिजलो. आणि हे एकदाच झाले नाही. रोज होऊ लागले. काकूंनी तपासणीला जाणेही सोडले. “डॉक्टर म्हणाल्या, सगळं छान आहे,” असे त्या घरी येऊन खुशाल सांगत. ऑपरेशन करूनही हिला जमले नाही, असे लोक म्हणतील, ही धास्ती त्यांच्या पोटात होती. घास उतरेना, म्हणून त्या एकट्या असताना आइस्क्रीम खात. ते माझ्यातून सुळकन निसटून जाई. त्यापुढे माझा काय इलाज?

रोजच्या त्या हिसक्यांनी माझ्याखालचे पोट थोडे थोडे वर ओढले जात होते. एका दुपारी मी जागेवरून घसरलोच. काकूंनी पाण्याचा घोट घेतला, तो परत आला. पुन्हा घेतला, पुन्हा आला. शेवटी स्वतःची थुंकीही गिळता येईना. त्या ती रुमालात टिपत गल्ल्यावर बसून सुटे पैसे मोजत होत्या. काकांनी तो भिजलेला रुमाल उचलला आणि तशीच गाडी काढली.

डॉक्टरीणबाईंनी डबीत सुई घातली आणि माझ्यातले सगळे पाणी काढून घेतले. मी सैल पडलो. काकूंच्या हातात पेला दिला गेला. पाणी सरळ खाली उतरले आणि काकूंच्या तोंडून असा काही सुस्कारा निघाला, की तसा मी आजवर ऐकला नव्हता.

“काकू, उलट्या कधीपासून होताहेत?”

काकूंनी पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

“पुष्कळ महिने झाले,” काकू म्हणाल्या.

“महिने?” काकांचा आवाज चिरकला. “म्हणजे तो नळ... मला वाटायचं, तू तोंड धुतेस. मी बाहेर बसून जेवत होतो गं!”

डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, “दोष कुणाचा, ते आता उगाळू नका. पट्टा घसरलाय. काही दिवस तो रिकामाच ठेवू. जठर जागेवर आलं तर ठीक, नाहीतर पट्टा काढून टाकू. पण काकू, अडकलं की त्याच दिवशी मला फोन करायचा. तुम्ही सांगितल्याशिवाय मला आतलं कसं कळणार?”

ते दिवस माझ्या जिवाला घोर लावणारे होते. सुदैवाने जठर जागेवर आले. डॉक्टरीणबाईंनी माझ्यात पाणी भरले, पण अगदी बेताचे.

त्यानंतर एका दुपारी तिघे जेवायला बसले. काकूंनी घास घेतला. मी तो ओळखला. जरा मोठाच होता. तो थांबला. आता खुर्ची सरकणार, दार लागणार, नळ सुटणार, म्हणून मी जीव मुठीत धरला. पण खुर्ची सरकली नाही.

“अडकलंय,” काकू म्हणाल्या.

आईच्या हातातली पळी भांड्यावर आपटली. त्या वाढायलाच निघाल्या असाव्यात. मग पळी खाली ठेवल्याचा आवाज आला. काकांनीही चमचा ठेवला.

“असू दे,” आई म्हणाल्या. “उतरेल सावकाश. आम्हीपण थांबतो.”

घरात चावण्याचाही आवाज उरला नाही. तिघे नुसते बसून राहिले. हळूहळू काकूंची छाती सैल झाली, श्वास लांब झाला आणि तो घास माझ्यातून अलगद खाली उतरला.

मित्रांनो, मी पोट आवळू शकतो, एवढीच माझी ताकद. त्यापुढचे काम बाहेरच्यांचे असते. तुमच्या पंगतीत कुणी घास खाली ठेवला, तर त्याला आणखी वाढू नका आणि हसूही नका. त्याच्यासाठी जरा थांबा.