सात जुने कर्नल

अन्नपूर्णाचा आवाज गेला, हे प्रेमदासला सोमवारी सकाळी कळलं. ती स्वतः, म्हणजे त्याची बायको, डिसेंबरातच गेली होती. पण तिने म्हटलेली बेचाळीस गाणी, ओव्या आणि भीमगीतं, घरच्या संगणकात होती आणि दुसरीकडे कुठेच नव्हती. रविवारी त्याने लिनक्सचा नवा कर्नल, म्हणजे संगणक चालवणारा मूळ प्रोग्राम, टाकला. सोमवारी बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी आल्या आणि सगळं थिजलं. तीनदा बंद-चालू केलं, तीनदा तेच.

संध्याकाळी गावातल्या, म्हणजे रोहण्याच्या, बुद्धविहारात बाया हीच गाणी ऐकायला जमणार होत्या. शेजारची वच्छलाबाई दारातूनच म्हणाली, "भाऊजी, अन्नपूर्णा असती तं त्या डब्याले हात नसता लावू देल्ला तुमाले."

प्रेमदासने मुलीला फोन लावला. भावना वर्ध्याला एका कॉलेजात संगणकांचंच काम पाहते.

"बाबा, शेवटची ओळ वाचा."

त्याने एकेक अक्षर वाचलं.

"त्याले डिस्क सापडून नाई राह्यली. गाणी गेली नाई, घाबरू नका. चालू करताना यादी उघडा, तिच्यातला जुना कर्नल घ्या. आहे ना जुना?"

"सात आहेत."

"सात? काऊन?"

प्रेमदासने एकतीस वर्षं तहसील कचेरीत रेकॉर्ड सांभाळलं होतं. जुनी फाईल फाडायची नाही, हा त्याचा नियम. जुना कर्नल आपोआप काढू नकोस, असं त्याने संगणकालाही बजावून ठेवलं होतं.

"कर्नलाची जागा एवढीशी असते, बाबा. सात कसेबसे मावले, आठवा अर्धाच बसला. जागा नाई, असं लिहून आलं असंल ना?"

"आलतं. मले वाटलं, एस्टीतल्या लोकाइवानी सरकून घेतील."

भावना इतकी हसली की तिला फोन दुसऱ्या हातात घ्यावा लागला. "जुने ठेवले म्हणून बिघडलं, अन् जुने ठेवले म्हणूनच सुधरते. घ्या सातवा."

त्याने सातवा निवडला. पडदा उजळला. पहिलं गाणं लावलं, तर गाण्याच्या आधी अन्नपूर्णाच बोलली, "अवो, पंखा बंद करा ना, नुस्ता घरघर करून राह्यला."

प्रेमदास उठला आणि त्याने पंखा बंद केला. वच्छलाबाई पोट धरून हसायला लागली. मग तोही हसला, डोळे पुसत हसला.

सगळी गाणी त्याने आधी पेनड्राइव्हवर घेतली. संध्याकाळी विहारात बायांनी पंख्याचं वाक्य चारदा लावायला सांगितलं, आणि चारही वेळा कोणीतरी उठून विहारातला पंखा बंद केला.

भावनाचं म्हणणं आहे, दोनच जुने ठेवा, बाकीचे काढून टाका, मग नवा नीट बसेल. म्हणजे पाच काढायचे आहेत. त्यातला एकही प्रेमदासने अजून काढलेला नाही.