ताईंचा दिवा लाल होत नव्हता

साहेब, यंत्राची चूक तुम्ही माझ्या नणंदेच्या माथी मारलीत. वर आणखी 'काळजीपोटी' असा शब्द वापरायला तुमची जीभ रेटली.

वीज कंपनीच्या तक्रारींच्या हॉलमध्ये ताई आणि मी शेजारी बसायचो. कानाला हेडफोन, समोर पडदा आणि पलीकडून दिवसभर शिव्या. तार तुटते कुठेतरी, उद्धार होतो आमच्या खानदानाचा. मग तुम्ही ते मनगटी पट्टे आणलेत. पट्टा नाडी बघणार. ताण आला की दिवा लाल, लाल झाला की त्या माणसाचे फोन थोडा वेळ बंद. त्याच्या वाट्याचे फोन ज्याचा दिवा हिरवा त्याला. कल्पना वाईट नव्हती. मला स्वतःला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

पण लोकांनी लगेच मेख ओळखली. जिना धावत चढला की दिवा लाल! आमच्यातला एक मिशीवाला जेवण झालं की जिन्याकडे पळायचा.

"कुठे निघालात?"

"लाल व्हायला. सासरा मागे लागलाय असं समजून पळतो, लवकर होतं."

हॉल हसायचा, मीही हसायचे. त्याला दोष देत नाही. तोही माणूसच, किती ऐकून घेणार?

त्याचे फोन ताईंकडे वळायचे. सगळ्यांचेच वळायचे, कारण ताईंचा दिवा कायम हिरवा. लोक त्यांना 'बर्फ' म्हणायला लागले. सुपरवायझर सगळ्यांचे दिवे दाखवणाऱ्या भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट करून म्हणायचा, "शिका जरा आपल्या बर्फाकडून!"

ताई मुलीसह आमच्याकडेच राहतात. हा बर्फ घरी आला की चप्पल न काढता पलंगाच्या कडेवर बसून राहायचा. मुलगी "आई, आई" करायची, ताईंचं लक्ष नसायचं.

ताईंना हृदयाच्या गोळ्या चालू आहेत. जीव कितीही घाबरा झाला तरी ती गोळी नाडीला पळू देत नाही. हे हॉलमध्ये फक्त मला ठाऊक होतं.

"ताई, सांगून टाका ना ऑफिसात."

"आणि काढलं म्हणजे? दुखणाईत बाई कोण ठेवून घेतं? पोरीचं शिक्षण अर्ध्यावर आहे माझ्या. वहिनी, तू तोंडाला कुलूप लाव."

लावलं.

मग एके दिवशी पट्टा बनवणारी इंजिनिअर बाई हॉल बघायला आली. ताईंना तेव्हा एका माणसाचा फोन होता. घरात वीज नाही, म्हातारी आई श्वासाच्या मशीनवर, मशीनची बॅटरी उतरत चाललेली. तो किंचाळत होता. ताईंनी लाइनमनला गाठलं आणि वीज येईपर्यंत त्याला बोलतं ठेवलं. वीज आली. त्याने फोन आपटला. दिवा हिरवा, म्हणून लगेच पुढचा फोन.

"हॅलो? बहिऱ्या झालात का हो?" पलीकडची बाई इतकी ओरडत होती की मला ऐकू येत होतं. ताईंचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता.

इंजिनिअर बाईने स्वतःच्या हाताने त्यांचा हेडफोन काढला आणि गुडघ्यावर बसली. "मावशी, औषध चालू आहे का कसलं?"

ताईंनी मान हलवली. नाही.

"हृदयाची गोळी घेतात त्या," मी बोलून गेले. ताईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना भर चौकात उभं केलं.

बाईचा चेहरा पडला. "नाडी शांत म्हणजे माणूस शांत, असं धरून चालले मी. माझं चुकलं, मावशी. तुम्हाला आत्ता काय हवं होतं?"

"घोटभर पाणी. आणि जरा थांबायला."

"पट्ट्यावर बटण देते. तुम्ही दाबलं की फोन थांबणार, दिवा काही का म्हणेना. फार मोठं काम नाही."

ताई हसल्या. "द्या बाई. मिशीवाल्याचे गुडघे तरी वाचतील."

ते बटण तुम्ही नाकारलंत. म्हणालात, सगळेच दाबत बसतील. आणि ताईंना बिनपगारी घरी पाठवलंत, कारण त्यांचा ताण पट्ट्याला मोजता येत नाही. काळजीपोटी!

आता ताई माझ्याशी बोलत नाहीत. मी समोर उभी असते आणि त्या माझ्या नवऱ्याला म्हणतात, "तुझ्या बायकोला सांग, भात झालाय." तरी माझं ताट वाढलेलं असतं. पोरीला पुढच्या वर्षाच्या शिक्षणाचं विचारायचं धाडस होत नाही, त्यांनाही आणि मलाही.

बटण तयार आहे, साहेब. त्या बाईने मला दाखवलं. सगळेच दाबतील म्हणालात, म्हणजे सगळ्यांनाच थांबावंसं वाटतं हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. मग एकट्या ताईंनाच घरी का बसवलंत? पत्ता तुमच्याकडे आहे. या आणि त्यांच्या तोंडावर सांगा, कामावर कधी घेताय?