रोमची आतली बातमी

पोप वारला आणि केरूला खुर्ची मिळाली. असं कुणी आधी सांगितलं असतं तर केरूच्या बायकोनं, भामाबाईनं त्याला येड्यात काढलं असतं, पण झालं ते असंच. कुठं रोम आणि कुठं हे उसाच्या पट्ट्यातलं गाव! यात्रा उरकलेली, कारखान्याचा पट्टा पडून गाळप संपलेलं, बाहेर मरणाचं ऊन आणि टीव्हीवर दिवसभर ते पोप निवडणारे लाल टोप्यांचे म्हातारे. रिकामटेकड्यांना आणखी काय पाहिजे? लालासाहेबांच्या सोप्यात पुढचा पोप कोण यावर कोंबड्याच्या जेवणाची पैज लागली. लालासाहेब फिलिपाइन्सवाल्याच्या बाजूनं, त्यांचे वाईचे मेहुणे आप्पासो इटलीवाल्याच्या. दोघांनीही उभ्या जन्मात चर्चची पायरी चढलेली नव्हती, पण भांडत होते असे, की जणू मतदारयादीत नाव आहे.

लालासाहेब साखर कारखान्याचे जुने संचालक. त्यांना ही निवडणूक लगेच उमगली. म्हाताऱ्यांना आत कोंडतात, मोबाइल काढून घेतात, बाहेरचं चिटपाखरू आत जाऊ देत नाहीत. म्हणजे आपलंच की हे! चेअरमन निवडायच्या आधी संचालकांना असंच गाडीत घालून महाबळेश्वरला नेऊन ठेवायचे आणि नाव वरून बंद पाकिटात यायचं. एका वर्षी ते नाव पाकीट फुटायच्या आधीच एका माणसाला कळलं होतं, तो केरू. केरू तेव्हा कारखान्याच्या गेस्ट हाउसवर शिपाई होता आणि चहापाण्याला त्यालाच बरोबर न्यायचे. वरून आलेल्या माणसानं पहिला कप कुणापुढं ठेवायचा ते डोळ्यानं खुणावलं आणि केरूनं काय ते ओळखलं. तेव्हापासून लालासाहेबांचं ठाम मत, की आतली बातमी पुढाऱ्याला नाही, चहा देणाऱ्याला आधी कळते.

आणि केरूची लेक रोममध्ये होती.

आम्रपाली. नाव बापानंच हौसेनं ठेवलेलं, बुद्धाला शरण गेलेल्या बाईचं. नर्सिंग शिकली आणि सांगलीत विश्रामबागेतल्या ख्रिस्ती जोगिणींच्या, म्हणजे सिस्टरांच्या दवाखान्यात लागली. तिथं काय तिच्या मनानं घेतलं कोण जाणे, एक दिवस येऊन म्हणाली, मी सिस्टर होणार. केरूनं घर डोक्यावर घेतलं. आजानं बाबासाहेबांच्या मागं जाऊन धम्म घेतला तो काय नातीनं सोडायला? विहारात चारचौघांसमोर उभा राहून तो बोलला की मला लेक नाही. ती गेली. पुढं सिस्टर लोकांनी तिला रोमला पाठवलं. आठ वर्षं झाली, केरूनं तिचं नाव घेतलं नाही. भामाबाई मात्र बोलायची. मोबाइल पिठाच्या डब्यात ठेवायचा आणि केरू बाहेर पडला की पोरीशी चोरून बोलायचं, चोर असल्यासारखं, स्वतःच्या पोटच्या पोरीशी. लेकीचं दर वेळी एकच विचारणं असायचं, आबांचा गुडघा कसा आहे? आणि भामाबाईचं देवाधर्माकडं एकच मागणं, ह्या माणसानं एकदा तिच्याशी बोलावं. मग तो बुद्ध करो नाहीतर येशू करो, तिची तक्रार नव्हती.

तर लालासाहेबांनी केरूला बोलावणं धाडलं. इतकी वर्षं ‘ए क्येऱ्या’ म्हणून हाक मारणारा माणूस ‘या केरबा’ म्हणाला. केरू सवयीनं पायरीवर टेकायला गेला तर त्याला आत घेऊन खुर्चीवर बसवलं. आणि चहा आला तो कपबशीतून. हे भामाबाईला केरूनंच घरी येऊन सांगितलं, दोनदा सांगितलं. त्या सोप्यात सगळ्यांना कपबशी आणि केरूला कागदी कप, हा रिवाज अख्ख्या गावाला ठाऊक होता. कुणी बोलत नव्हतं इतकंच. आता रोज दुपारी केरू धुतलेला सदरा घालून जायचा आणि रोमच्या गोष्टी सांगायचा. लेकीचा रोज फोन असतो म्हणायचा. आफ्रिकेवाल्याचं वजन वाढलंय, इटलीवाल्यांच्यात फूट पडलीय, काय वाटेल ते. हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खाली कोण उतरवणार? भामाबाईला हसू यायचं आणि चीडही यायची. पण तिनं तोंड उघडलं नाही. खोटं का होईना, पोरीचं नाव त्याच्या तोंडात आलं होतं.

म्हातारे आत जायच्या आदल्या दिवशी केरू चुलीपाशी येऊन घुटमळला. मग म्हणाला, “तुज्याकडं तिचा लंबर हाय, ठावं हाय मला. चल, फोन लावू.”

भामाबाईची तव्यावरची भाकरी करपली. तिनं विचारलं नाही की कुठं चल, कशासाठी चल. ठेवणीतलं लुगडं नेसली, पिठाच्या डब्यातून मोबाइल काढून पदरानं पुसला आणि त्याच्या मागं निघाली. वाट लालासाहेबांच्या घराकडं वळली तेव्हाच खरं तर तिला कळायला हवं होतं. पण आशा मेली फार वाईट, ती माणसाला आंधळं करते.

सोपा माणसांनी भरला होता. केरू खुर्चीवर बसला, भामाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. तिनंच फोन लावला. लालासाहेबांनी तो तिच्या हातातून घेऊन आवाज मोठा केला आणि केरूपुढं स्टुलावर ठेवला.

“पाली,” भामाबाई लांबूनच म्हणाली, “आबा हायेत बघ. बोल.”

पलीकडनं बारीक आवाज आला. “आबा? गुडघा बरा हाय का तुमचा?”

केरू स्टुलाकडं वाकला. भामाबाईनं पाहिलं. बोलेल, आता बोलेल, असं तिला वाटलं. पण त्यानं एकवार सोप्यावरून नजर फिरवली आणि घसा खाकरून, सगळ्यांना जाईल अशा आवाजात म्हणाला, “ते ऱ्हाऊ दे. पोप कोण हुनार ते सांग.”

पोरीला ती थट्टा वाटली. ती हसली, आठ वर्षांनी बाप थट्टा करतोय म्हणून मनापासून हसली. म्हणाली, मी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या सिस्टरांची अंगं पुसते, मला कोण सांगतंय? लालासाहेबांनी खुणेनं सांगितलं की विचार, पुन्हा विचार, आत चहा कोण देतंय ते विचार. केरू घामाघूम झाला.

“एवढं बी कळंना तर गेलीस कशाला तिकडं?”

पलीकडचं हसू थांबलं. मग आम्रपाली हळूच म्हणाली, “आबा, मला पुढच्या महिन्यात सुट्टी मिळायची हाय. आयेला बी सांगितलं न्हाई अजून. घरात घ्याल का तुमी मला? तेवढंच इचारायचं हाय.”

कुणीतरी बशी खाली ठेवल्याचा आवाज आला. नुसतं ‘ये’ म्हणायचं होतं, एका अक्षराचं काम. केरूनं लालासाहेबांच्या तोंडाकडं पाहिलं.

“ते मागनं बघू,” तो म्हणाला. “आदी नाव सांग.”

“कुनी बी होऊ द्या, आबा,” ती म्हणाली, आणि फोन बंद झाला.

भामाबाईनं मोबाइल उचलला आणि एकटी घरी आली. मागं केरूनं काय केलं ते तिला दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर कळलं. म्हणे, लेकीनं बोलण्यातून खूण दिलीय, फिलिपाइन्सवालाच होणार. लालासाहेबांनी खूश होऊन त्याला जेवायला थांबवून घेतलं होतं. आणि हा जेवून आला होता!

निघाला अमेरिकेचा. सोप्यात ज्याचं नाव कुणी काढलंच नव्हतं असा. दुपारी केरू धुतलेला सदरा घालून गेला आणि पाणी तापायला लागतं तेवढ्यात परत आला. त्याच्या हातात अर्धा प्यालेला कागदी कप होता, टाकून द्यायचंही भान राहिलं नव्हतं. खुर्चीवर आप्पासो बसले होते म्हणाला. गरज सरली, वैद्य मेला, यात नवल ते काय? भामाबाईला त्याची कीव आली नाही. यायला हवी होती, तीस-पस्तीस वर्षांचा संसार होता, पण नाही आली.

दिवे लागायच्या वेळेला तो म्हणाला, “पालीला फोन लाव. ये म्हणतो तिला.”

तिनं लावला आणि त्याच्या हातात दिला. आता ऐकायला कुणी नव्हतं, तरी केरू भिंतीकडं तोंड करून बोलला. ये म्हणाला. घर तुजंच हाय म्हणाला. विहारात मी बघतो काय ते, म्हणाला. बोलता बोलता रडला सुद्धा, भामाबाईनं त्याला त्याच्या आईच्या मयतीनंतर रडताना पाहिलं नव्हतं.

पोरीनं सगळं ऐकून घेतलं. गुडघ्याला काय लावायचं ते सांगितलं, गोळी जेवल्यावर घ्या म्हणाली.

“मग येतीस न्हवं?” केरूनं विचारलं.

“मागनं बघू, आबा.”

केरूनं फोन कानाचा काढला नाही. तो बंद झालाय हे भामाबाईला सांगावं लागलं. तिनं मोबाइल त्याच्या हातातून घेतला आणि सवयीनं पिठाच्या डब्याचं झाकण उघडलं. मग परत लावलं आणि मोबाइल उघड्यावर, फळीवर ठेवला. आता लपवायचं कुणापासून आणि काय?